मित्राच्या फोटोविषयी बोलताना

गॅरी विनोग्रँड हा न्यूयॉर्कचा छायाचित्रकार रस्त्यांवर फिरून माणसांचे फोटो काढायचा, पण काढलेली फिल्म लगेच धुवायचा नाही. वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ तो रोल तसेच ठेवून द्यायचा. फोटो काढतानाची मनःस्थिती पुरती विसरली गेली की मगच फोटो नीट जोखता येतो, असं त्याचं मत होतं. दिवस आनंदात गेला असेल तर त्या दिवशीचे फोटोही आपल्याला चांगलेच वाटतात. १९८४ मध्ये त्याचं निधन झालं तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले सापडले.

हौशी फोटोग्राफरला एवढं थांबणं जमत नाही आणि थांबायची गरजही नाही. त्याला मित्र असतात. पहाटे अंधारात निघून, गाडीवर कुडकुडत भिगवणला पोचलेल्या माणसाला आपल्या फ्लेमिंगोच्या फोटोत ती थंडी, उजनीच्या पाण्यावरचं धुकं, नावाड्याशी झालेल्या गप्पा असं सगळं दिसत असतं. त्याच्या मित्राला दिसते ती फक्त चौकट. विनोग्रँड ज्यासाठी वर्षभर थांबायचा, ते मित्राकडे पहिल्या क्षणापासून तयार असतं. म्हणून मत देणारा फार जाणकारच असायला हवा असं नाही. फोटो काढला तेव्हा तो तिथे नव्हता, हीच त्याची पात्रता.

पण या पात्रतेचा उपयोग आपण क्वचितच करतो. रविवारी सकाळी चहाला चार हौशी मंडळी जमली, कोणी फोन पुढे केला, की बहुधा दोनच उद्गार निघतात. "मस्त!" आणि "लेन्स कुठली?" कोणी थोडं पुढे जाऊन "उजवीकडून क्रॉप कर" म्हणतो. यात खोटं काही नसतं. पण ते ऐकून फोटो काढणारा पुढच्या खेपेला वेगळ्या जागी उभा राहणार नाही, वेगळ्या क्षणी बटण दाबणार नाही. मित्राचं बोलणं तिथपर्यंत पोचायला हवं असेल, तर ते जरा सावकाश आणि एका क्रमाने व्हावं लागतं.

सुरुवात फोटो धड दिसण्यापासून. उन्हात बसून फोनच्या पडद्यावर सावल्यांमधलं काहीच कळत नाही, तेव्हा फोटो घरात आणि शक्यतो लॅपटॉपवर पाहावा. छोटी का होईना, प्रिंट असेल तर फारच चांगलं. पडद्याचा उजेडही बघून घ्यावा. रात्री अंधाऱ्या खोलीत पडदा पूर्ण उजळ ठेवून एडिट केलेले फोटो तिथे झगमगतात आणि प्रिंट काढली की काळवंडलेले येतात. असा फोटो समोर आला की "अंडर झालाय" असं म्हणण्याआधी तो कुठे आणि कसा एडिट केला ते विचारावं.

मग अर्धं मिनिट कोणीही बोलू नये. फोटो काढणाऱ्याने तर अजिबात नाही. "अरे, इथे काय झालं माहितीये का," असं म्हणून त्याने गोष्ट सांगितली, की पाहणाऱ्यालाही ती गोष्ट फोटोत दिसू लागते आणि त्याची कोरी नजर वाया जाते. गोष्ट नंतर जरूर ऐकावी. अर्धं मिनिट ऐकायला थोडं वाटतं, पण एका फोटोकडे एवढा वेळ टक लावून पाहायची आपली सवय गेली आहे. पंधराव्या सेकंदानंतर कोपरे दिसायला लागतात, मागची माणसं दिसायला लागतात.

त्यानंतरचं पहिलं वाक्य मताचं नसावं. आपली नजर कुठून कुठे गेली, ते सांगावं. समजा, दिवे घाटातला फोटो आहे. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघाली आहे, वळणावळणाने वारकऱ्यांची रांग चढते आहे, पुढे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एक आजी आहेत. फोटो काढणाऱ्याचं सगळं लक्ष त्या आजींवर होतं. पाहणारा मात्र म्हणतो, "माझी नजर आधी उजव्या कोपऱ्यातल्या टँकरवर गेली. त्यावरची अक्षरं मी वाचली. मग आजींकडे आलो, तिथून रांगेबरोबर वर गेलो आणि आकाश पांढरं आहे तिथून बाहेर पडलो." एवढंच. यात कुठेही चूक काढलेली नाही, तरी फोटो काढणाऱ्याच्या पोटात धस्स होतं, कारण तो टँकर त्याने आत्ताच पहिल्यांदा पाहिला. घाटात उभा असताना त्याच्या मनाने टँकर वगळला होता, कॅमेऱ्याने वगळला नाही.

नजर ओढून घेणाऱ्या काही ठरलेल्या गोष्टी आहेत. सगळ्यात उजळ जागा, सगळ्यात स्पष्ट जागा, माणसाचा चेहरा आणि त्यातही डोळे, लाल-केशरी रंग. आणि अक्षरं. ओळखीच्या लिपीतला मजकूर न वाचता पुढे जाणं डोळ्यांना जमतच नाही, त्यामुळे आपल्या रस्त्यांवरचे फलक, टेम्पोच्या पाठीवरच्या ओळी, पताकांवरची नावं फोटोत फार जागा खातात. पाहणाऱ्याने त्या नुसत्या ओळखून सांगितल्या तरी त्याचं निम्मं काम झालं. तिरकं क्षितिज, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कापलेली पावलं या गोष्टी त्याच ओघात येऊन जातात. त्यांच्यावर फार वेळ घालवू नये, त्या एकदा सांगितल्या की कळतात.

खरा कस लागतो तो दोष कशाने झाला हे शोधताना, आणि इथे घाई फार होते. "हललाय" हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण फोटो अस्पष्ट येण्याची किमान तीन वेगवेगळी कारणं असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. फोटो मोठा करून पाहावा. चौकटीतलं सगळंच, अगदी दगड आणि भिंतीसुद्धा, एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हलला आहे. तिथे शटर स्पीड वाढवायला हवा. हातात धरून काढताना लेन्स २०० मिलिमीटरची असेल तर सेकंदाच्या २०० व्या भागापेक्षा हळू जाऊ नये, हा जुना अंदाज अजूनही उपयोगी आहे. स्थिरीकरण असलेल्या लेन्समध्ये थोडी सूट मिळते. भिंत आणि रस्ता स्वच्छ आहेत पण टाळ वाजवणारे हात पुसले गेलेत, तर कॅमेरा स्थिर होता, हात वेगात होते. तिथे स्थिरीकरणाचा काही उपयोग नाही. शटर स्पीड वाढवावा, किंवा तो पुसटपणाच हवा होता का, ते विचारावं, कारण अनेकदा तीच फोटोतली सर्वात जिवंत गोष्ट असते. तिसरा प्रकार म्हणजे आजींचा चेहरा मऊ आहे पण त्यांच्या मागच्या माणसाच्या पागोट्याचा पीळ न् पीळ मोजता येतो. म्हणजे फोकस चुकला. कॅमेऱ्याने स्वतःच बिंदू निवडला असणार. त्याला एकच बिंदू निवडायला सांगून तो डोळ्यावर ठेवायचा, एवढाच उपाय. पहिल्या प्रकारच्या माणसाला तिसऱ्याचा उपाय सांगितला तर तो बिचारा पुढचं वर्षभर फोकसशी झटत बसतो. औषध सांगण्याआधी निदान व्हायलाच हवं.

उजेडाचंही तसंच. वारीच्या फोटोंमध्ये एक तक्रार हमखास असते: पांढरे सदरे राखाडी आले. यात कॅमेरा बिघडलेला नसतो. आतला मीटर समोरून परतून येणारा उजेड मोजतो आणि समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, म्हणजे सुमारे १८ टक्के उजेड परत पाठवणारं आहे, असं धरून चालतो. चौकटभर पांढरे सदरे आणि टोप्या असल्या की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो अंधारा करतो. अशा वेळी एक्स्पोजर मुद्दाम वाढवावं, +१ ईव्हीपर्यंत. चौकटभर म्हशी असतील तर उलट, थोडं कमी करावं. नवे कॅमेरे दृश्य ओळखून बरंच सावरून घेतात, तरीही हा घोळ अजून होतो. "पांढरे राखाडी झालेत" हे निरीक्षण, आणि "मीटर असा विचार करतो" हे कारण. दोन्ही मिळाली तर ऐकणाऱ्याला बर्फ, मीठ आणि समुद्राची वाळूही त्यातच कळून जाते.

जेजुरीचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि मला तो फार आवडतो. सोमवती अमावस्येला गडावर भंडारा उधळला जातो तेव्हा सगळी चौकट पिवळी होते. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स हा एवढा पिवळा रंग उजेडाचा दोष समजतो आणि तो मारण्यासाठी निळ्याकडे झुकतो. भंडारा फिका पडतो, दगडी पायऱ्या निळसर दिसतात. मग घरी येऊन माणूस सॅच्युरेशन वाढवतो आणि नवी अडचण होते. पडद्यावरचा पिवळा हा लाल आणि हिरव्याच्या मिश्रणातून येतो. हळदीच्या उबदार पिवळ्यात लाल आधी टोकाला पोचतो आणि तिथले बारकावे पुसले जातात. हवेतला भुकटीचा धूर मग एका सपाट पिवळ्या डागासारखा दिसतो. असा फोटो पाहून "रंग भडक झालेत" असं म्हटलं, तर माणूस सॅच्युरेशन कमी करेल आणि फोटो पुन्हा फिका होईल. त्याऐवजी म्हणावं, "हवेतल्या भंडाऱ्यात मला कण दिसत नाहीत, सगळं एकसारखं झालंय. लाल रंगाचा हिस्टोग्राम वेगळा बघ. आणि पुढच्या वेळी व्हाइट बॅलन्स उन्हावर ठेवून रॉमध्ये काढ." एका वाक्यात काय दिसलं ते आलं, दुसऱ्यात कुठे तपासायचं ते, तिसऱ्यात पुढच्या वेळी काय करायचं ते. याहून लांब बोलायची गरज बहुधा नसते.

क्रॉपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या गप्पांमध्ये त्याचा फार सुळसुळाट आहे. जुने लोक पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे प्रिंटवर सरकवून वेगवेगळ्या चौकटी करून पाहायचे. अजूनही यासारखं दुसरं साधन नाही, कारण यात बोलण्याऐवजी दाखवलं जातं आणि फोटो काढणारा स्वतः "थांब, इथे बरोबर आहे" म्हणतो. क्रॉप करणं म्हणजे काही पाप नव्हे. ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ क्रॉपच्या विरोधात होता, तरी १९३२ मध्ये पॅरिसच्या सेंट-लझार स्टेशनामागे काढलेला त्याचा प्रसिद्ध फोटो, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा, क्रॉप केलेलाच आहे. तो कुंपणाच्या फटीतून काढला होता आणि कडेला फळी आली होती. पण क्रॉपने काय होतं आणि काय होत नाही हे सांगणं मित्राचं काम आहे. रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली की पिक्सेल चौथाईच उरतात: २४ मेगापिक्सेलचे ६ होतात. ८×१२ इंचाच्या प्रिंटला तेवढे पुरतात, त्यापुढे मात्र ताण पडतो. आणि लांबून काढलेला फोटो क्रॉप केल्याने जवळून काढलेल्या फोटोसारखा होत नाही. जवळ गेल्यावर पुढचं मोठं आणि मागचं लहान होतं, वस्तूंचं एकमेकांशी नातं बदलतं. क्रॉपमध्ये ते नातं तसंच राहतं. म्हणून "क्रॉप कर" म्हणण्याआधी "दोन पावलं पुढे जायला जागा होती का?" हे विचारावं. जागा होती, तर खरा सल्ला तोच आहे.

एक-तृतीयांशाच्या नियमाचंही असंच होतं. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गदृश्यांविषयी लिहिताना तो या नावाने मांडला, आणि आज प्रत्येक फोनच्या पडद्यावर त्याच्या रेघा आहेत. नवख्या माणसाला त्याचा आधार होतो, यात शंका नाही. पण रिंगणाचा फोटो समोर आहे, माणसांचं वर्तुळ आहे, धावणारा अश्व बरोबर मध्यावर आहे, आणि पाहणारा म्हणतो, "घोडा मध्ये आलाय, तृतीयांशाच्या रेघेवर हवा होता." इथे नियम फोटोच्या आड येतो आहे. मध्यावर ठेवल्याने काय झालं, हे आधी पाहावं. वर्तुळ घट्ट झालं असेल तर तसं सांगावं.

आणि हे 'झालं असेल तर सांगावं' सगळ्यात कमी केलं जातं. कौतुक नेमकं करणं दोष काढण्यापेक्षा अवघड आहे आणि माझ्या मते जास्त गरजेचं आहे. हौशी माणसाच्या हातून चांगली गोष्ट पुष्कळदा नकळत होते. ती कोणी नाव घेऊन सांगितली नाही, तर पुढच्या वेळी ती त्याच्या हातून निसटते. "मस्त" ऐकून त्याला काही हाती लागत नाही. "आजींची मान आणि मागच्या पताकेची काठी एकाच कलाने झुकली आहेत, त्यामुळे चढ जाणवतो," हे ऐकून मात्र तो पुढच्या घाटात अशा दोन रेघा शोधू लागतो.

विचारायचे प्रश्न खरे असावेत. "हे झाड का ठेवलंस?" यात उत्तर आधीच दडलेलं असतं आणि समोरचा लगेच बचावाला उभा राहतो. "फोटोत तुला सगळ्यात महत्त्वाचं काय होतं?" हा खरा प्रश्न आहे, कारण उत्तर आपल्याला माहीत नसतं, आणि त्या उत्तराने पुढचं सगळं बोलणं बदलू शकतं. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये कलाकृतीवर अभिप्राय देण्याची एक पद्धत बसवली. तीत आधी पाहणारे आपल्याला काय भावलं, काय अर्थपूर्ण वाटलं ते सांगतात. मग कलाकार आपले प्रश्न विचारतो. मग पाहणारे मत न मिसळलेले प्रश्न विचारतात. आणि सगळ्यात शेवटी, कलाकाराने परवानगी दिली तर, मतं येतात. नाचासाठी घडलेली ही पद्धत चहाच्या टेबलावर तंतोतंत पाळायला नको, पण त्यातली एक गोष्ट जरूर उचलावी: फोटो काढणाऱ्याने स्वतः एक प्रश्न घेऊन यावं. "गर्दीची दाटी जाणवते का?" असा प्रश्न असला की चर्चा भरकटत नाही, आणि "नॉइज आहे" असं कोणी म्हटलं तरी त्या नॉइजने दाटी वाढली की कमी झाली, हे बोलता येतं.

बोलण्याचा क्रमही ठरवावा, तो वयाच्या उलट. गटात एक काका असतात, त्यांच्याकडे मोठी लेन्स असते, वीस-तीस वर्षांचा अनुभव असतो. ते आधी बोलले की कॉलेजातली मुलगी गप्प बसते, आणि तिला जे वेगळं दिसलं होतं ते कोणालाच कळत नाही. तिने आधी बोलावं, काकांनी शेवटी. काकांचा फोटो असेल तर तिने "काका, मला तुमच्या फोटोत आधी आकाश दिसलं," एवढं जरूर म्हणावं. नजर कुठे गेली हे सांगण्यात उद्धटपणा नाही. दोघांची मतं विरुद्ध निघाली तर मिटवायच्या भानगडीत पडू नये. कुठल्या जागी मतं फुटतात हे कळणं फोटो काढणाऱ्याला पुरे, निर्णय त्याचाच. दोष पाच दिसले तरी सांगावा एक, फार तर दोन, आणि तेही पुढच्या वेळी त्याला बदलता येतील असे. स्पर्धेच्या परीक्षकाला शेकडो फोटोंतून नाकारावं लागतं, गुण द्यावे लागतात. मित्रावर ती जबाबदारी नाही.

एका बाबतीत मात्र मऊ बोलू नये. फोटो कसा मिळवला हेही फोटोचाच भाग आहे. फ्लेमिंगोंचा उडता थवा सुंदर दिसतोय, पण बोट त्यांच्या अंगावर नेऊन त्यांना उडवलं असेल, तर तसं स्पष्ट विचारावं आणि स्पष्ट सांगावं. दर सुट्टीला अशा कितीतरी बोटी जातात आणि प्रत्येक वेळी पक्ष्यांचं खाणं तुटतं. नदीवर अंघोळ करणाऱ्या वारकरी बायकांचे लांबून, लेन्स ताणून काढलेले फोटो दरवर्षी फिरतात. त्यांची रचना आणि उजेड यांवर चर्चा करत बसू नये. "त्यांना विचारलं होतं का?" हा पहिला प्रश्न, आणि उत्तर नाही असेल तर तो फोटो कोणाला दाखवू नये, हा सल्ला. हे मित्राने सांगितलं नाही तर बहुधा कोणीच सांगत नाही.

ऐकणाऱ्याने त्या वेळी खुलासे देऊ नयेत. "तिथे फार गर्दी होती रे" हे खरं असलं तरी फोटोत येत नाही. लिहून घ्यावं, आणि त्याच रात्री लॅपटॉप उघडून सगळं बदलू नये. दोन दिवसांनी वाचल्यावर काही टिपणं पटतात, काही सोडून द्यावीशी वाटतात.

हे सगळं झाल्यावर मी एक गोष्ट नेहमी मागतो: त्या फोटोच्या आधीचे आणि नंतरचे फोटो. फिल्मच्या काळात कॉन्टॅक्ट शीटवर सगळा रोल एका कागदावर दिसायचा. आता बर्स्टमध्ये पंधरा-वीस फ्रेम निघतात आणि घरी जाऊन माणूस त्यातली एक निवडतो. बहुधा सगळ्यात स्पष्ट असलेली, किंवा जिच्यात त्याला हवा होता तो क्षण आठवतो ती. बाकीच्या फ्रेम पाहिल्या की तो कुठे उभा होता, हलला का, थांबला का, लवकर निघून गेला का, हे सगळं दिसतं. आणि कितीदा तरी तीन फ्रेम पुढे टँकर चौकटीतून बाहेर गेलेला असतो, आजींनी पदर सावरायला एक हात वर केलेला असतो, चेहरा किंचित मऊ आहे म्हणून ती फ्रेम बाजूला पडलेली असते. अशा वेळी दोन्हीच्या ४×६ प्रिंट काढाव्यात, खर्च फार नाही. येता-जाता दिसतील अशा जागी आठवडाभर लावून ठेवाव्यात आणि पुढच्या रविवारी कुठली ठेवायची ते त्याने सांगावं.